टंचाई आणि महागाई : एका इंग्रजी शब्दाची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



सरकारी कचेरीतला कारकून असो की संघटित कारखान्यातला कामगार, त्याच्या पगारपत्रकात मूळ वेतनाच्या खालोखाल एक रकाना असतो : ‘डिअरनेस अलाउन्स’. मराठीत त्याला महागाई भत्ता म्हणतात. हा भत्ता कोणी दयाबुद्धीने दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० साली त्यासाठीच मोठा संप केला होता. या ‘डिअरनेस’चे एक वडीलधारे भावंड इंग्रजी भाषेत आहे. ‘डर्थ’ हे त्याचे नाव. आज इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर ‘डर्थ’ म्हणजे टंचाई, उणीव, वानवा असा अर्थ सापडतो. वर्तमानपत्री इंग्रजीत चांगल्या नटांची डर्थ असते, नव्या कल्पनांची डर्थ असते. पण या शब्दाचा जन्म नाटकगृहात झालेला नाही. तो धान्याच्या बाजारात झाला आहे, आणि त्याच्या पोटात जो अर्थ दडलेला आहे तो दुष्काळात व महागाईत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी घेण्यासारखा आहे.

शब्दाची घडण

‘डर्थ’ची फोड सोपी आहे. ‘डिअर’ या विशेषणाला ‘थ’ हा भाववाचक प्रत्यय लागून तो झाला. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, ‘लाँग’पासून ‘लेंग्थ’, ‘डीप’पासून ‘डेप्थ’ जसे झाले, तसेच ‘डिअर’पासून ‘डर्थ’. म्हणजे शब्दशः अर्थ एकच : महागपणा. तेराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आढळतो, आणि तेव्हापासूनच त्यात दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. एक, धान्याचा चढलेला भाव. दुसरा, त्या चढलेल्या भावामुळे लोकांवर कोसळलेली उपासमार. या दोहोंसाठी वेगळे शब्द हवेत असे त्या काळच्या इंग्रज शेतकऱ्याला किंवा विणकऱ्याला वाटले नाही. धान्य महागले म्हणजे धान्य नाहीसे झाले, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

ही गोष्ट एकट्या इंग्रजीची नाही. जर्मन भाषेत महाग या अर्थी ‘टॉयर’ हा ‘डिअर’चाच सख्खा भाऊ आहे. त्याच्यापासून झालेला ‘टॉयरुंग’ हा शब्द आज भाववाढीसाठी वापरतात, पण जुन्या जर्मनमध्ये तोच दुष्काळासाठीही होता. लॅटिनमधला ‘कारितास’ तर अधिकच बोलका आहे. जिव्हाळा, प्रेम हा त्याचा एक अर्थ आणि धान्याची महागाई हा दुसरा. याच ‘कारितास’पासून इंग्रजीला ‘चॅरिटी’ मिळाली. इंग्रजी ‘डिअर’मध्येही हे दोन अर्थ नांदतातच : पत्राच्या मथळ्यावर तो ‘प्रिय’ असतो आणि दुकानदाराच्या तोंडी ‘महाग’.

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडे ‘भाव’ मनातही असतो आणि मोंढ्यातही असतो. ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ यापासून आला. अर्घ म्हणजे मोल, आणि अर्घ म्हणजे पूज्य व्यक्तीला आदराने अर्पण करावयाची वस्तूही. ज्याचे मोल मोठे ते महार्घ. त्याच्या उलट ‘समर्घ’, ज्यापासून आपला ‘सवंग’ आला.

परंतु येथे मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा फुटतात. इंग्रजीने महागपणाच्या शब्दातूनच उपासमारीचा शब्द घडवला. आपण उपासमारीचे नाव वेगळीकडून घेतले. ‘अवर्षण’ आभाळाकडे बोट दाखवते. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ. तो काळालाच दोषी ठरवतो. संस्कृतातला ‘दुर्भिक्ष’ हा शब्द मात्र माणसाकडे पाहतो. भिक्षा मिळणे दुर्घट झाले की दुर्भिक्ष, अशी त्याची व्युत्पत्ती आहे. म्हणजे आपल्या शब्दांपैकी कोणी ढगांकडून संकट मोजले, कोणी भिक्षापात्राकडून. इंग्रजी ‘डर्थ’ने ते तराजूकडून मोजले. तिन्ही मोजमापे खरी आहेत. मात्र तराजूचे माप हाती धरले की ज्यांच्या हातात तराजू आहे त्यांचीही चौकशी करावी लागते. ढगांची चौकशी कोणी करू शकत नाही.

योसेफाची कोठारे

१६११ साली इंग्लंडात राजाज्ञेने बायबलचे जे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्यात योसेफाच्या कथेत हा शब्द येतो. मिसर देशात सात वर्षे सुकाळ आणि नंतर सात वर्षे ‘डर्थ’. कथेचा पूर्वार्ध सर्वांना माहीत असतो. राजाच्या स्वप्नाचा अर्थ योसेफाने सांगितला, सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा सरकारी कोठारांत साठवला, आणि दुष्काळ आला तेव्हा मिसरात धान्य होते.

उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. योसेफाने ते धान्य वाटले नाही, विकले. पहिल्याने लोकांजवळचा पैसा संपला. मग त्यांनी गुरेढोरे दिली. गुरे संपल्यावर जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःलाही राजाच्या दास्यात विकले. पुढे त्याच जमिनी कसून पिकाचा पाचवा हिस्सा राजाला द्यावा, असा कायम नियम झाला. कोठार भरलेले होते, कोणी उपाशी मेल्याचा उल्लेख नाही, आणि तरीही सात वर्षांच्या अखेरीस एका स्वतंत्र शेतकरी समाजाचे रूपांतर राजाच्या कुळांत झाले. महागाई माणसाला मारते तेव्हाच ती दिसते असे नव्हे. ती त्याला जिवंत ठेवून त्याची जमीन नेते. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा शतकानुशतके कीर्तनांतून सांगितली गेली, ती त्यांनी कोठारे भरली म्हणून नव्हे, तर धन्याचा कोप पत्करून ती रयतेसाठी लुटवली म्हणून. लोकमानसाने या दोन कोठारांतला फरक बरोबर ओळखला होता.

बाजारपेठेतला न्याय

‘डर्थ’ हा शब्द रोजच्या वापरात होता त्या काळात इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनाही त्याचा अर्थ कळत होता. राणी एलिझाबेथच्या सरकारने १५८७ साली टंचाईच्या वर्षासाठी एक आज्ञापत्रिका काढली. स्थानिक न्यायाधिकाऱ्यांनी कोठारांची झडती घ्यावी, कोणाकडे किती धान्य आहे याची मोजदाद करावी, घरच्या गरजेहून अधिक असलेले धान्य दर आठवड्याला उघड बाजारात आणायला लावावे, आणि तेथे ते प्रथम गरिबांना थोड्या थोड्या मापाने विकावे, अशा तिच्या सूचना होत्या. ही पत्रिका पुढे अनेकदा, १६३० सालीही, पुन्हा लागू करण्यात आली. माल बाजारात येण्यापूर्वीच वाटेत अडवून घेणारा, घाऊक साठा करणारा, एकाच बाजारात घेऊन तेथेच चढ्या दराने विकणारा, हे तिन्ही व्यापारी कायद्याने गुन्हेगार होते. त्या राज्यकर्त्यांना समाजवादी कोणी म्हणणार नाही. त्यांना दंग्यांची भीती होती. पण धान्याची महागाई हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते.

आणि लोकांनीही. एडवर्ड थॉम्पसन या इतिहासकाराने १९७१ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात अठराव्या शतकातल्या इंग्रज जमावांचा अभ्यास मांडला आहे. ज्यांना सरकारी दप्तराने ‘दंगे’ म्हटले त्यांत एक शिस्त होती. जमाव बाजारात येई, पुष्कळदा स्त्रिया पुढे असत, धान्याच्या गाड्या अडवल्या जात, रास्त वाटणाऱ्या भावाने धान्य विकले जाई आणि जमलेले पैसे मालकाच्या हवाली केले जात. काही ठिकाणी रिकामी पोतीदेखील परत केली गेली. ही लूट नव्हती. अन्नाला एक न्याय्य भाव असतो आणि त्याहून अधिक घेणारा अन्याय करतो, या जुन्या समजुतीची ती सामुदायिक अंमलबजावणी होती. थॉम्पसन यांनी तिला ‘नैतिक अर्थव्यवस्था’ असे नाव दिले.

शब्द बदलला

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. साठेबाजीविरुद्धचे जुने इंग्रजी कायदे १७७२ साली रद्द झाले. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात धान्यव्यापारावर एक दीर्घ विवेचन आहे. ‘डर्थ’ येते ती खऱ्याखुऱ्या तुटीमुळे, युद्धामुळे किंवा हवामानामुळे येते, आणि तिचा ‘फॅमिन’ होतो तो सरकारच्या चुकीच्या जबरदस्तीमुळे, असा त्याचा सिद्धान्त आहे. व्यापाऱ्याने भाव वाढवला म्हणजे लोक बेताने खातात आणि थोडे धान्य वर्षभर पुरते, हे त्याचे समर्थन. स्मिथला अन्यायाने रंगवण्याचे कारण नाही. १७६९-७० च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांनाही जबाबदार धरले आहे. पण त्याच्या युक्तिवादात एक फट राहून गेली. चढा भाव सर्वांनाच बेताने खायला लावत नाही. ज्याची थैली भरलेली आहे तो पूर्वीइतकेच खातो. जिची थैली रिकामी आहे ती मजूर स्त्री मुळीच खात नाही. शिधा वाटला जातो हे खरे, पण तो भुकेच्या मापाने वाटला जात नाही.

१७९५ च्या महागाईत एडमंड बर्क याने सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध टिपण लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली ते छापले गेले. त्याच्या मथळ्यात ‘डर्थ’ नाही, ‘स्कार्सिटी’ आहे. हा शब्द बर्कने घडवलेला नाही, तो जुनाच आहे. पण त्याचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. लॅटिनातल्या ‘वेचून काढणे’ या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा एक अर्थ कंजूषपणा असाही होता. हा अर्थ पुढे गळाला. मग उरली ती निव्वळ तूट, कर्त्याशिवायची. एकोणिसाव्या शतकात ‘शॉर्टेज’ हा शब्द रूढ झाला. तो तर हिशेबनीसाचा शब्द आहे : इतके हवे होते, इतके कमी पडले. ‘डर्थ’ म्हटले की कोणीतरी भाव सांगत आहे आणि कोणाला तरी तो परवडत नाही, अशी दोन माणसे समोर उभी राहतात. ‘शॉर्टेज’मध्ये दोघेही दिसत नाहीत. शब्दांनी इतिहास घडतो असा दावा येथे नाही. सत्तेला जे पाहावयाचे नसते त्याचे शब्द आधी मागे पडतात, एवढेच म्हणावयाचे आहे.

तुटीचे अंकगणित

भाव आणि तूट यांचा संबंध किती विषम असतो, हे सतराव्या शतकाच्या अखेरीसच इंग्लंडात लक्षात आले होते. ग्रेगरी किंग याच्या नावाने ओळखले जाणारे आणि चार्ल्स डेव्हनंट याने १६९९ साली प्रसिद्ध केलेले एक कोष्टक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो. दोन दशांशांनी घटले तर आठ दशांशांनी. तीन दशांशांनी घटले तर सोळा दशांशांनी, म्हणजे भाव अडीचपटीहून अधिक होतो. प्रत्येक देशात, प्रत्येक वर्षी हेच प्रमाण राहील असे कोणी मानू नये. तरीही दिशा समजण्यास ते पुरेसे आहे.

हे कोष्टक गावात उतरवून पाहावे. एका मोठ्या बागाईतदाराला साधारण वर्षी शंभर पोती धान्य होते. घरखर्च व बियाणे यांसाठी वीस ठेवून तो ऐंशी विकतो. पोत्याला शंभर रुपये भाव धरला तर त्याला आठ हजार मिळतात. शेजारच्या अल्पभूधारकाला पंचवीस पोती होतात. तोही वीस ठेवतो, पाच विकतो आणि पाचशे रुपयांत वर्षाचे कापड, मीठ, तेल व सावकार भागवतो. आता पीक दोन दशांशांनी घटले. भाव एकशे ऐंशी झाला. बागाईतदाराकडे ऐंशी पोती आली. वीस ठेवून साठ विकली आणि दहा हजार आठशे रुपये मिळाले. दुष्काळात त्याची मिळकत वाढली. अल्पभूधारकाला वीस पोती झाली. विकायला काहीच उरले नाही. पीक तीन दशांशांनी घटले तर भाव दोनशे साठ. बागाईतदार पन्नास पोती विकून तेरा हजार मिळवतो. अल्पभूधारकाकडे साडेसतरा पोती येतात. त्याला अडीच पोती विकत घ्यावी लागतात, आणि त्यासाठी साडेसहाशे रुपये कोठून तरी आणावे लागतात. ते सावकाराकडून येतात किंवा बैल विकून येतात. भूमिहीन मजुराची मजुरी तर शंभराच्या भावाची असते. शेतात काम नसल्यामुळे तीही बहुधा मिळत नाही.

पाऊस तिघांच्याही शेतशिवारावर सारखाच पडला नाही. पण एकाला त्यात नफा झाला, दुसऱ्याचे बैल गेले, तिसऱ्याची चूल विझली. ‘दुष्काळ’ हा शब्द तिघांनाही एकाच छताखाली बसवतो. ‘डर्थ’ त्यांना वेगळे करून दाखवतो.

आयर्लंड आणि बंगाल

या अंकगणिताची किंमत दोन देशांनी मोजली. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. बटाट्यावरच जगणाऱ्या आयरिश मजुराजवळ रोख पैसा जवळजवळ नसेच. मजुरीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर तो बटाटे लावी. ते कुजले तेव्हा त्याचे अन्न गेले आणि त्याची मजुरीही गेली. देशात ओट पिकत होता आणि पहिल्या वर्षांत परदेशी जातही होता, कारण आयरिश भुकेपाशी त्याला बोलावण्याइतका पैसा नव्हता. १८४७ साली मक्याची मोठी आयात झाली, पण ती घेण्याचेही त्राण त्या लोकांत उरले नव्हते. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख उरली. सुमारे दहा लाख मेले, बाकीचे देशोधडीला लागले.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ आपल्याला अधिक जवळचा. अमर्त्य सेन यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दारिद्र्य व दुष्काळ यांवरील ग्रंथात त्याचे जे विश्लेषण आहे, ते ‘डर्थ’ या शब्दावरचे भाष्यच म्हणता येईल. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ साली बंगालात उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होते, आणि दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालापेक्षा ते अधिकच होते. मग काय बदलले? डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ मार्चमध्ये एकवीस, मे महिन्यात तीस आणि ऑगस्टमध्ये सदतीस रुपयांवर गेला. युद्धखर्चाचा पैसा शहरात ओतला जात होता, महत्त्वाच्या उद्योगांतल्या शहरी नोकरदारांना स्वस्त शिधा मिळत होता, व्यापारी साठे करत होते. खेड्यातल्या शेतमजुराची मजुरी मात्र होती तेथेच राहिली. कोळ्याचे मासे, न्हाव्याचे कसब यांना धान्याच्या तुलनेत काही मोलच उरले नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा अंदाज पंधरा लाख केला. सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास आहे.

आणि शब्दाची गोष्ट येथेही सुटत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. धान्याच्या चढत्या भावावर नजर ठेवावी, मदतकार्याची मजुरी धान्याच्या भावाशी जोडावी, हे त्यांत लिहिलेले होते. म्हणजे महागाई ही दुष्काळाची पहिली खूण आहे हे सरकारला पक्के ठाऊक होते. तरीसुद्धा १९४३ मध्ये बंगालात ‘फॅमिन’ अधिकृतपणे जाहीर केला गेला नाही. जाहीर केला असता तर संहितेप्रमाणे मदत देणे बंधनकारक झाले असते. लाखो माणसे मेली ती एका न उच्चारलेल्या शब्दाच्या आडोशाने.

टंचाई, टंचाईसदृश

महाराष्ट्रात याच शब्दाची दुसरी आवृत्ती घडली. राज्य विधिमंडळाने १९६३ साली एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच काढून टाकली आणि तिच्या जागी ‘स्कार्सिटी’ घातली. शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, म्हणून दुष्काळाला आता वावच उरलेला नाही, असे त्याचे कारण देण्यात आले. शब्दामागे एक वचन होते हे मान्य केले पाहिजे. पण वचन पाळले गेले की नाही हे विचारण्याचा शब्दच कायद्याने नाहीसा झाला. पुढे शासकीय मराठीत ‘टंचाई’च्याही अलीकडे एक पायरी बांधली गेली : ‘टंचाईसदृश परिस्थिती’. विहिरीत पाणी नाही, दावणीला वैरण नाही, आणि परिस्थिती मात्र ‘सदृश’.

नऊ वर्षांतच त्या वचनाची कसोटी लागली. १९७०-७१ पासून लागोपाठ तीन वर्षे पिके बुडाली. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात धान्याची तूट खरीखुरी होती, बंगालप्रमाणे नाममात्र नव्हती. तरीही बंगालप्रमाणे माणसे मेली नाहीत. कारण १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर पोरे जगवली. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नव्हती, आणि जी मिळाली ती मोर्चे काढून मिळाली. पण ती रोख मजुरी होती. मजुराच्या हाती पैसा आला तसे धान्य बाहेरून त्या पैशाच्या वाटेने आले. रोजगार हमी कायदा महाराष्ट्राने त्याच अनुभवातून केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशभरासाठी कायदा झाला, त्याची मुळे येथे होती.

दोन मोर्चे, एक प्रश्न

त्याच १९७२ साली मुंबईत दुसरा मोर्चा निघाला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि निरनिराळ्या पक्षांतल्या त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली आणि हजारो गृहिणी लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. अठराव्या शतकातल्या इंग्रज बाजारपेठेत पुढे झालेल्या स्त्रियांशी या स्त्रियांचे नाते होते, त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

परंतु चळवळीने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. शहरातला मोर्चा ‘महागाई’चा आणि खेड्यातला मोर्चा ‘दुष्काळा’चा, अशी वाटणी आपण का स्वीकारली? आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत म्हणून की काय, आपले कार्यक्रमही वेगळे राहिले. शहरी शाखेने भत्त्याचा आणि रेशनचा प्रश्न हाती घेतला, ग्रामीण शाखेने कामाचा आणि पाण्याचा. ज्या जुन्या इंग्रजी शब्दात दोन्ही दुःखे एकत्र नांदत होती, तो शब्द आपल्याला हे सांगतो की दुष्काळ ही गरिबाची महागाई आहे आणि महागाई हा गरिबाचा दुष्काळ आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. धान्य स्वस्त ठेवले तर शेतकरी मरतो, त्याचे काय? १९८० नंतरच्या शेतमालभावाच्या आंदोलनांनी हा प्रश्न जोराने मांडला आणि समाजवादी कार्यकर्त्याला तो टाळता येणार नाही. उत्पादनखर्च भरून निघत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खरेच आहे. पण वरचे अंकगणित पुन्हा पाहावे. कोरडवाहू भागातल्या लहान शेतकऱ्यांपैकी पुष्कळजण धान्य विकण्यापेक्षा विकत अधिक घेतात. त्यांना केवळ चढा भाव तारत नाही आणि केवळ उतरता भावही तारत नाही. पिकवणाऱ्याला हमीभावाने खरेदी, खाणाऱ्याला परवडणाऱ्या दराने रेशन, आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्याला कामाचा हक्क, या तीन गोष्टी एकत्र असतील तरच भावाची सुरी दोन्हीकडून बोथट होते. यांतली एक सोडून दुसरी मागणे म्हणजे एका गरिबाला दुसऱ्याच्या अंगावर घालणे होय.

कोठार भरले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दोनतृतीयांश जनतेला शिध्याचा हक्क मिळाला, ही मोठी मिळकत आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत सरकारी गोदामांत ठरलेल्या निकषांपेक्षा कितीतरी अधिक धान्य होते आणि त्याच वेळी काम व मजुरी गमावलेले लाखो मजूर पायी गावाकडे निघाले होते. कित्येकांचे रेशनकार्ड गावी राहिले होते. धान्याची टंचाई देशात नव्हती. टंचाई त्यांच्या हातात होती.

म्हणून पुढच्या वेळी अधिकारी ‘टंचाईसदृश’ म्हणेल तेव्हा कार्यकर्त्याने पावसाचे आकडे जरूर पाहावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. गावात जाऊन तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. गेल्या वर्षी याच महिन्यात ज्वारीचा भाव काय होता आणि आज काय आहे. गावात कोणाकोणाला धान्य विकत घ्यावे लागते आणि ते कोणाकडून उधार आणतात. आणि आजच्या एका दिवसाच्या मजुरीत किती किलो ज्वारी येते. संघटित कामगाराने आपली मजुरी महागाईच्या मापाने मोजायला लावली, त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे होऊन गेली. शेतमजुराची मजुरी अजून त्या मापाने मोजली जायची आहे. वहीतला तिसरा आकडा दर महिन्याला खाली जात असेल तर, तहसील कचेरीच्या फलकावर कोणताही शब्द लिहिलेला असो, त्या गावात दुष्काळ सुरू झाला आहे.